पाथरीसाठी राज्ये का भांडली?

परभणीहून जिंतूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर बोरी लागते. उत्तरेला पूर्णा, दक्षिणेला दुधना आणि तिच्याही खाली गोदावरी. मधली सगळी काळी, कसदार, जवळपास सपाट जमीन. कापूस, तूर, ज्वारी आणि आता सोयाबीन पिकवणाऱ्या या शिवारातून गेल्या दोन हजार वर्षांत सातवाहन, वाकाटक, राष्ट्रकूट, चालुक्य, यादव, बहमनी, निजामशाही, मुघल, मराठे आणि आसफजाही अशा कितीतरी सत्तांची माणसे गेली. तरीही इतिहासाच्या पुस्तकांत हा मुलूख क्वचितच दिसतो, कारण राजधान्या दुसरीकडे होत्या. राजधानीला धान्य कुठून यायचे आणि फौज कुठून जायची, हे विचारले की मात्र बोट थेट याच भागावर येते.

सुरुवात पश्चिमेकडून करावी लागते. सातवाहनांची राजधानी पैठण गोदावरीच्या काठी होती. त्यांची श्रीमंती मात्र सह्याद्रीच्या घाटांतून येत होती. पहिल्या शतकात एका ग्रीक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या प्रवासग्रंथात नोंद आहे की भडोच बंदरापासून पैठण वीस दिवसांच्या वाटेवर आणि तेथून पूर्वेला तगर, म्हणजे आजचे तेर, आणखी दहा दिवसांवर. पैठणहून मौल्यवान खडे आणि तेरहून कापड गाड्यांत घालून, धड रस्ते नसलेल्या मुलखातून बंदरावर जाई. नाणेघाटात सातवाहन राणी नागनिकेचा शिलालेख आहे. त्याच घाटात एक दगडी रांजण आहे, तो जकातीचा म्हणून आजही दाखवतात. घाट ज्याच्या हातात, जकात त्याची, आणि त्या जकातीवर फौज पोसली जाई.

म्हणूनच भडोच ताब्यात असलेले शक क्षत्रप आणि सातवाहन यांचे भांडण फक्त जमिनीचे नव्हते. कल्याण पूर्वी खुले बंदर होते, पण नंतर तिथे उतरलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जाण्याचा धोका असे, असे तोच ग्रंथ सांगतो. व्यापाराची नाकेबंदी इतकी जुनी आहे. पुढे सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने क्षत्रप नहपानाचा पराभव केला. त्याचा पुरावा 1906 मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या जोगलटेंभीला सापडला. तिथल्या निधीत नहपानाची तेरा हजारांहून जास्त चांदीची नाणी निघाली आणि त्यांतल्या बहुतेकांवर गौतमीपुत्राने आपला ठसा उमटवला होता. पराभूत राजाचे नाणे त्याने वितळवले नाही, बाजारात चालू ठेवले. रोमशी चालणारा व्यापार मंदावला तसे पैठण आणि तेर यांचे तेज कमी झाले. सातवाहनांचे राज्य तिसऱ्या शतकात विस्कटले, त्यामागे हेही एक कारण मानले जाते.

व्यापार, भूगोल आणि स्वारी यांची गाठ सर्वांत स्पष्ट दिसते ती देवगिरीला. यादवांच्या काळात हा सगळा पट्टा भरभराटीला आला होता. बोरीपासून फार दूर नसलेल्या चारठाण्याला, जिंतूर तालुक्यातच, त्या काळातली देवळे, बारव आणि बारीक नक्षीकामाचा उंच दगडी स्तंभ आजही उभा आहे. असे बांधकाम करायला कारागीर लागतात, दगड वाहायला बैल लागतात आणि त्या सगळ्यांना वर्षानुवर्षे खाऊ घालणारी शिल्लक लागते. ही शिल्लक काळ्या मातीतून आणि वाटेवरच्या व्यापारातून आली. तिची वार्ता उत्तरेलाही पोचली.

1296 मध्ये अल्लाउद्दीन खिलजी कडा येथून घोडदळ घेऊन विंध्य ओलांडून अचानक देवगिरीवर आला. यादव राजा रामदेवरायाचा मुलगा शंकरदेव मुख्य फौज घेऊन बाहेर होता. देवगिरीचा डोंगर आणि त्याचा ताशीव कडा सर करणे कोणालाही सोपे नव्हते. पण किल्ल्यावर साठा नव्हता. त्या वेळी कोकणातून मीठ घेऊन आलेले व्यापारी पायथ्याशी होते. ते पोती टाकून पळाले आणि किल्ल्यातल्या माणसांनी ती धान्याची समजून आत घेतली, असे फिरिश्ता हा इतिहासकार सांगतो. वेढ्यात पोती उघडली तर आत मीठ. ही हकिकत शब्दशः खरी असो वा नसो, तिच्यातला तपशील खरा आहे: कोकणचे मीठ घाट चढून या वाटेने येत होते आणि दुर्गम किल्लासुद्धा महिनाभराच्या धान्यावाचून पडतो. रामदेवरायाने भरमसाट खंडणी दिली. पुढच्या बावीस वर्षांत यादवांचे राज्य संपले. 1327 मध्ये महंमद तुघलकाने देवगिरीला दौलताबाद करून तिथे राजधानी आणली, पण दिल्लीपासून इतक्या अंतरावर बसून दोन्ही टोके सांभाळणे त्याला जमले नाही. 1347 मध्ये दख्खनच्या अमिरांनी बहमनी राज्य उभे केले.

आणि आता पाथरी. परभणी जिल्ह्यातले हे गाव आज तालुक्याचे ठिकाण आहे. सोळाव्या शतकात दोन वेगळ्या प्रसंगी त्यावरून तलवारी निघाल्या. बहमनी राज्य फुटल्यावर अहमदनगरची निजामशाही आणि वऱ्हाडची इमादशाही शेजारी आल्या. निजामशाहीच्या संस्थापकाचे पूर्वज पाथरीचे कुलकर्णी, म्हणजे ब्राह्मण घराणे, असे फिरिश्ता लिहितो. बुऱ्हाण निजामशाहाने आपल्या पूर्वजांचे गाव इमादशाहाकडे मागितले, बदल्यात दुसरा मुलूख देऊ केला. इमादशाहाने नकार दिला. 1518 मध्ये बुऱ्हाणने पाथरी जिंकली. नंतर ती हातची गेली आणि पुन्हा घेतली गेली. इमादशाहाने गुजरातच्या बहादूरशाहाला मदतीला बोलावले आणि तो 1528 मध्ये दौलताबादपर्यंत आला.

घराण्याचा अभिमान हे कारण खरे होते, पण एवढ्यासाठी दहा वर्षे कोणी लढत नाही. पाथरी गोदावरीच्या उत्तरेला, वऱ्हाडातून दख्खनकडे जाणाऱ्या रस्त्यावर होती. तिच्या हद्दीत महसूल देणारी काळी जमीन होती आणि नदी ओलांडण्याच्या जागा जवळ होत्या. पावसाळ्यात गोदावरी फौजेला अडवते. दसऱ्यानंतर पाणी उतरले की उतार कोणाच्या ताब्यात आहे, यावर मोहीम ठरते.

शेवटी 1574 मध्ये निजामशाहीने सगळे वऱ्हाडच गिळले. हा विजय तिला पचला नाही. वीस वर्षांतच अहमदनगरच्या गादीसाठी आपसांत वाद सुरू झाला, अकबराच्या फौजांनी वेढा घातला आणि 1596 मध्ये चांदबीबीला वऱ्हाड देऊन तह करावा लागला. इथे पाथरी पुन्हा आली. मुघल पाथरीत घुसले. अहमदनगरचे म्हणणे होते की पाथरी वऱ्हाडात मोडतच नाही. सीमेचा हा एक प्रश्न तहालाच भारी पडला. विजापूरचा सरदार सोहेलखान विजापूर, गोवळकोंडा आणि अहमदनगरच्या एकत्रित फौजा घेऊन निघाला आणि 1597 च्या प्रारंभी सोनपेठच्या परिसरात, गोदावरीकाठी, मुघल सेनापती अब्दुल रहीम खानखानाच्या फौजेशी त्याची गाठ पडली. पहिल्या दिवशी रात्र पडेपर्यंत झुंज झाली. अंधारात दोन्ही बाजूंना आपणच जिंकलो असे वाटत होते आणि दख्खनी फौजेतले बरेच लोक लुटीला पांगले. दुसऱ्या सकाळी लढाई पुन्हा झाली आणि मुघल जिंकले. खानदेशचा राजा अलीखान मुघलांच्या बाजूने लढताना पडला. 1600 मध्ये अहमदनगरचा किल्ला पडला. अकबराच्या दप्तरात पाथरी मग वऱ्हाड सुभ्यातले एक सरकार म्हणून नोंदली गेली.

दक्षिण घेणारे मुघल ती सांभाळू शकले नाहीत, याचेही कारण याच काळ्या जमिनीत आहे. हजारो बैलांचे बंजारा तांडे धान्य पुरवत, तोवर छावणी चाले. मराठ्यांनी नेमक्या त्या वाटा तोडल्या. औरंगजेब 1681 पासून 1707 मध्ये मरेपर्यंत दख्खनमध्येच अडकून राहिला.

नदीचा धडा पुन्हा 10 ऑगस्ट 1763 ला दिसला, बीड जिल्ह्यातल्या राक्षसभुवनला. हैदराबादच्या निजामअलीची अर्धी फौज गोदावरी ओलांडून पलीकडे गेली होती, दिवाण विठ्ठल सुंदर बाकीची फौज घेऊन अलीकडे होता. माधवराव पेशव्याने अलीकडच्या फौजेवर झडप घातली. नदी भरलेली, पलीकडून मदत येणे अशक्य. विठ्ठल सुंदर मारला गेला आणि निजामाला तह करावा लागला.

ब्रिटिशांच्या छायेखालच्या निजामी राज्यात तलवारीपेक्षा रूळ महत्त्वाचे ठरले. 1900 च्या सुमारास हैदराबाद–मनमाड रेल्वे गोदावरीच्या खोऱ्यातून गेली. जिल्ह्याचे ठाणे असलेले परभणी रेल्वेवर आले, कापसाचा व्यापार तिथे एकवटला आणि पाथरी बाजूला पडली. 17 सप्टेंबर 1948 ला हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले तेव्हा परभणी हेच जिल्ह्याचे मोठे गाव होते.

सोनपेठची लढाई दख्खनच्या नशिबाला वळण देणारी होती, पण परभणीच्या मुलांना पानिपत माहीत असते, सोनपेठ नाही. बोरी, जिंतूर, पाथरी, सोनपेठ इथल्या शाळांनी एक दिवस सहल चारठाण्याला न्यावी, एक सोनपेठच्या गोदाकाठी. शिक्षकांनी सोबत जिल्ह्याचा नकाशा घ्यावा आणि नदी, घाट आणि रस्ते यांवर बोट ठेवून हा इतिहास तिथेच शिकवावा.