चेंडू-भरण यंत्रणा

स्पर्धेतील यंत्रमानवाने गोळा केलेले चेंडू साठवण-पेटीतून एकेक करून प्रक्षेपकाकडे नेणारी योजना. पेटीच्या अरुंद तोंडाशी चेंडू एकमेकांना रेटून कमान तयार करतात व प्रवाह थांबतो. तोंड रुंद केल्यास कमान टळते. परंतु चेंडू एकेक येत नाहीत. म्हणून पेटीच्या तळाशी खाचा असलेली फिरती तबकडी बसवितात. ती कमान मोडते व प्रत्येक खाचेत एकच चेंडू घेते.

अमेरिकेत सुरू झालेल्या ‘फर्स्ट’ स्पर्धेत २०२० मध्ये सु. १७·८ सेंमी. व्यासाचे, स्पंजासारखे चेंडू होते. अशा चेंडूंच्या एका बाजूस पट्टा व दुसऱ्या बाजूस स्थिर भिंत असल्यास सर्व चेंडू एकाच दिशेने फिरतात. त्यामुळे लगतच्या चेंडूंचे स्पर्शभाग परस्परविरुद्ध सरकून घर्षणाने अडकतात. दोन्ही बाजूंस समवेगी पट्टे लावल्यास चेंडू न फिरता पुढे जातात.

चेंडू गोल व एकाच मापाचे असतात, म्हणून हे साधते. काजू फोडण्याच्या उद्योगात ही सोय नाही. वेंगुर्ले येथील प्रादेशिक फळ संशोधन केंद्राच्या ‘वेंगुर्ला-१’ वाणाची बी सु. ६·२ ग्रॅ., तर ‘वेंगुर्ला-७’ची सु. १० ग्रॅ. भरते, आकारही मूत्रपिंडासारखा असतो. एकाच मापाची खाच दोहोंस चालत नाही. म्हणून पायाने चालविण्याच्या यंत्रात बी हातानेच एकेक ठेवावी लागते.