राउटर बदलण्याआधी: जांभ्याच्या घरातलं वाय-फाय आणि एका वेळी एकच बदल

संशोधन पद्धती शिकवताना ‘नियंत्रित प्रयोग’ म्हटलं की पुस्तकात खताचं नाहीतर औषधाचं उदाहरण येतं. ते वाचून तुम्ही मान डोलावता, परीक्षेत लिहिता आणि स्वतःच्या विषयावर काम करायला बसलात की विसरता. मीही विसरले होते. म्हणून आज माझ्या घरातलंच उदाहरण देते.

गेल्या पावसाळ्यात माझी सहामाही प्रगती-बैठक ऑनलाइन होती. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: पीएचडीला प्रवेश मिळाल्यावर एक सल्लागार समिती नेमतात आणि तिच्यासमोर दर सत्राला काय काम झालं ते मांडावं लागतं. मी तेव्हा रत्नागिरीला घरी होते. तिसऱ्या स्लाइडला माझा आवाज तुटायला लागला, पाचव्याला मी बैठकीतून बाहेर पडले ती परत आत जाऊच शकले नाही. समितीने तीन आठवड्यांनी पुन्हा वेळ दिली. त्या बैठकीच्या अहवालाशिवाय माझ्या फेलोशिपचे कागद पुढे सरकत नाहीत, त्यामुळे पुन्हा तसंच झालं असतं तर काय, हा विचारही नको वाटत होता.

घरात एकमत झालं: कंपनीने दिलेला राउटर भिकार आहे, नवा आणा. माझ्या मावसभावाने नाचण्याला महिनाभरापूर्वीच बदलला होता आणि ‘आता नेट पळतंय’ असं जो भेटेल त्याला सांगत होता. दुकानात साडेतीन हजार सांगितले. मी जवळजवळ घेतलाच होता. मग सहज त्याला विचारलं, त्या दिवशी नेमकं काय काय झालं? तर माणूस आला, त्याने फायबरचं टोक साफ करून पुन्हा बसवलं, राउटर जिन्याखालून काढून हॉलमधल्या टेबलावर ठेवला आणि नवा पासवर्ड टाकला. जुना पासवर्ड शेजारच्या चार मोबाइलमध्ये होता! एका दुपारी चार गोष्टी बदलल्या आणि सगळं श्रेय गेलं डबड्याला.

‘आधी वाईट होतं, नंतर चांगलं झालं’ एवढ्यावर कारण ठरवता येत नाही, हे तुम्ही वाचलेलं आहे. पण घरचा माणूस खात्रीने सांगत असतो तेव्हा ते आठवत नाही.

पहिलं काम प्रश्न नीट करणं. ‘नेट स्लो आहे’ हा प्रश्न नाही, ती तक्रार आहे. माझ्या लॅपटॉपपासून समितीपर्यंतच्या वाटेचे ढोबळ दोन तुकडे पडतात: लॅपटॉप ते राउटर, हा हवेतून, आणि राउटर ते बाहेरचं जग, हा फायबरमधून. दुखणं कुठल्या तुकड्यात आहे हे कळल्याशिवाय औषध विकत घेण्यात अर्थ नव्हता. नवा राउटर मुख्यतः पहिल्या तुकड्यावर काम करतो. फायबर कुठे वाकली असेल, तर दहा हजारांचा राउटरही काही करू शकत नाही.

हे तुकडे वेगळे करायला पैसे लागत नाहीत. लॅपटॉपवर कमांड प्रॉम्प्टच्या दोन खिडक्या उघडा. एकीत राउटरच्या पत्त्याला पिंग लावा (बहुतेक घरी तो १९२.१६८.१.१ असतो), दुसरीत बाहेरच्या एखाद्या सर्व्हरला. पिंग म्हणजे ‘आहेस का?’ असं विचारून उत्तराला किती मिलिसेकंद लागले ते मोजणं. दोन्ही आकडे एकदम उसळले तर घोळ घरातल्या हवेत. राउटरचा आकडा शांत आणि फक्त बाहेरचा उसळतोय, तर घोळ पुढे. मग लॅपटॉप केबलने थेट राउटरला जोडून तेच पुन्हा करा. केबलवर सगळं सुरळीत चाललं तर हवेवरचा संशय पक्का.

आणि सरासरी काढून मोकळे होऊ नका. शंभर उत्तरांतली पंच्याण्णव ५ मिलिसेकंदांत आली आणि पाच दोन-दोन सेकंदांनी, तर सरासरी निघते साधारण १०५. तसं एकही उत्तर आलेलं नसतं! बोलताना आवाज तुटतो तो त्या पाचांमुळे. म्हणून मी मध्यक लिहिला, सगळ्यात वाईट आकडा लिहिला आणि किती उत्तरं आलीच नाहीत तेही लिहिलं. स्पीड टेस्टच्या आकड्याला मी मुद्दाम बाजूला ठेवलं. व्हिडिओ कॉलला दोन-चार एमबीपीएस पुरतात, पण ते सलग मिळावे लागतात.

माझ्याकडे केबलवर चित्र स्वच्छ होतं आणि मागच्या खोलीत वाय-फायवर घाण. म्हणजे हवा. पण हवेत काय?

आमचं घर जुनं आहे, चिऱ्याच्या भिंतींचं. फायबर पुढून येते म्हणून बसवणाऱ्याने डबा पडवीत मीटरच्या शेजारी ठोकला. माझी खोली परसदाराकडे. मध्ये दीड-दीड फुटाच्या दोन भिंती आणि माजघरातलं लोखंडी कपाट. बाबांचं म्हणणं, जांभ्यात लोखंड असतं म्हणून रेंज अडते. ऐकायला पटतं, पण सावध राहा. जांभ्याचा तांबडा रंग लोहाच्या ऑक्साइडचा आहे, म्हणजे गंजाच्या जातीचा. धातूचा पत्रा लहरी परतवतो तसं गंज करत नाही. माझ्या मते खरे गुन्हेगार दोन: भिंतीची जाडी आणि तिच्यातलं पाणी. जांभा सच्छिद्र असतो. फ्रान्सिस बुकॅनन याने मलबारात अंगाडिपुरमजवळ हा दगड पाहिला, विटांसारखा कापतात म्हणून लॅटिन ‘लेटर’ म्हणजे वीट यावरून १८०७ मध्ये त्याला लॅटराइट नाव दिलं. कापायला सोपा, पाणी प्यायलाही तयार. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि पाणी वाय-फायच्या लहरी शोषतं. कपाट मात्र खरोखर धातूचं, त्याच्यावरचा संशय वेगळा ठेवला.

इथेच महागड्या डबल-बँड राउटरची जाहिरात फसवते. २.४ गिगाहर्ट्झची लहर साधारण साडेबारा सेंटिमीटरची, ५ गिगाहर्ट्झची सहाच्या आसपास. आखूड लहर वेग जास्त देते, पण भिंतीत जास्त मरते. पडवीत नवा राउटर लावला असता तर पडवीत बसून पेपर वाचणाऱ्या बाबांचं नेट उत्तम झालं असतं.

मावसभावाकडून त्याचा नवा राउटर तीन दिवसांसाठी उसना आणला. (विकत घेण्याआधी उसनं आणता येतं का ते बघणं, हेही पद्धतीतच धरा.) आता दोन गोष्टी तपासायच्या: यंत्र आणि जागा. जुना पडवीत, नवा पडवीत, जुना माजघरात, नवा माजघरात, असे चार डाव. अडचण अशी की जुन्या डब्यात फायबर थेट शिरते, तो हलवला की नेट गेलं. रात्रभर यावर अडून बसले आणि मग सुचलं, मला हवा मोजायची आहे, नेट कशाला पाहिजे? डबा नुसत्या विजेवरही वाय-फाय सोडतो आणि पिंगला उत्तर देतो. इंटरनेट नसतानाही माजघरातला डाव मोजता आला.

तोच लॅपटॉप, तीच खुर्ची, दारं बंद, दोन्ही राउटर २.४ वर आणि एकाच चॅनेलवर. सकाळी एक फेरी, रात्री नऊला एक. क्रम दर वेळी उलटापालटा, कारण सगळ्या ‘जुन्या’च्या नोंदी सकाळी आणि ‘नव्या’च्या रात्री घेतल्या असत्या तर मी राउटर मोजला की शेजाऱ्यांच्या मालिकेची वेळ, हे सांगता आलं नसतं.

सिग्नलचा आकडा डीबीएममध्ये येतो, उणे असतो, आणि दर दहाला शक्ती दहापट बदलते. माझ्या टेबलावर जुना पडवीतून उणे ८१, नवा पडवीतून उणे ७७. जुना माजघरातून उणे ६४, नवा माजघरातून उणे ५९. यंत्र बदलून चार-पाचाचा फरक, जागा बदलून सतरा-अठराचा, म्हणजे शक्तीत पन्नासपटीहून जास्त. शिवाय राउटर कितीही मोठ्याने ओरडला तरी उत्तर माझ्या लॅपटॉपच्या छोट्या अँटेनालाच द्यायचं असतं. कपाट दोन फूट सरकवून पाहिलं, दोन-तीनाचा फरक पडला. आईने ते लगेच परत जागेवर न्यायला लावलं.

पण नव्या राउटरने एका ठिकाणी मला खोटं पाडलं. रात्री भावाचा मोबाइल फोटो वर चढवायला लागला की केबलवरही बाहेरचा पिंग उसळायचा. हा हवेचा दोष नव्हे. राउटरच्या पोटात पाकिटांची लांबलचक रांग लागते आणि माझा आवाज तिच्या शेपटीला उभा राहतो. जिम गेटिस यांनी २०११च्या सुमारास याला बफरब्लोट हे नाव रूढ केलं. रांग शहाणपणाने हाताळायची एक पद्धत २०१८ मध्ये आरएफसी ८२९० म्हणून प्रसिद्ध झाली. उसन्या राउटरमध्ये वेगाला मर्यादा घालून रांग आवरायची सोय होती, कंपनीच्या डब्यात नव्हती. म्हणजे राउटर बदलण्याला अर्थ होता, फक्त घरातले म्हणत होते त्या कारणासाठी नव्हे. मी भावाचे फोटो रात्री दोनला चढतील असं लावून दिलं. फुकट.

शेवटी कंपनीचा डबा जिथल्या तिथे ठेवला. वाशांवरून पंधरा मीटर केबल माजघरात आणली आणि तिथे एक साधा राउटर नुसता अ‍ॅक्सेस पॉइंट म्हणून बसवला. दुकानदाराने सांगितलेल्या रकमेच्या निम्म्यातही काही उरले. तुम्हाला डबा पूर्णच बदलायचा असेल तर आधी बघा की फायबर त्याच्यातच शिरते का. शिरत असेल तर साध्या राउटरला ती जोडता येत नाही. कंपनीला सांगून डबा ब्रिज मोडवर करून घ्यावा लागतो आणि बऱ्याच ठिकाणी पीपीपीओईचं युजरनेम-पासवर्डही मागावं लागतं. लँडलाइन त्याच डब्याला असेल तर ती बंद पडणार नाही ना, हे त्याच फोनवर विचारून घ्या. आणि जुन्या सेटिंगचे फोटो काढून ठेवा.

एक शक्यता मी जवळजवळ तपासायची विसरले होते. पावसात लाइट क्षणभर डोळा मारते, डबा पुन्हा सुरू होतो आणि दोन-तीन मिनिटं जातात. डब्याच्या पानावर तो किती वेळ चालू आहे ते दिसतं. मी पाहिलं तेव्हा सलग चालू असण्याचा काळ फक्त चार तासांचा होता! पहिल्या बैठकीच्या दिवशीचा आकडा माझ्याकडे नाही, त्यामुळे मी बाहेर पडले ते भिंतीमुळे, रांगेमुळे की लाइटमुळे, हे आता कधीच कळणार नाही. दोन्ही राउटर इन्व्हर्टरवर घेतले.

दुसरी बैठक झाली. चाळीस मिनिटं, एकदाही आवाज तुटला नाही. समितीने नमुना निवडीवर असे प्रश्न विचारले की एखाद-दोन वेळा तुटला असता तर बरं झालं असतं.

जांभ्यातल्या पाण्याबद्दल वर जे लिहिलं ते अजून माझं गृहीतकच आहे. सगळ्या नोंदी ओल्या भिंतींच्या आहेत, सुक्यांची एकही नाही. पडवीतल्या डब्याचं वाय-फाय त्यासाठीच बंद केलेलं नाही. मार्चमध्ये भिंती खडखडीत वाळल्या की त्याच खुर्चीवर, तोच लॅपटॉप घेऊन, सकाळी आणि रात्री नऊला पुन्हा मोजणार आहे. वहीत ती पानं कोरी सोडली आहेत.