राक्षस किती खातो?

ओग राजाचा पलंग नऊ हात लांब, चार हात रुंद आणि अख्खा लोखंडी होता. यहुदी धर्मशास्त्रातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकात ही मापं चक्क नोंदवून ठेवली आहेत. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत एक हात धरला, तर पलंग १३ फुटांचा भरतो. बाशानचा हा राजा महाकायांच्या वंशातला उरलासुरला शेवटचा गडी. दावीदाने गोफणीने लोळवलेला गल्याथ त्याच्यापुढे ठेंगणाच. प्रचलित हिब्रू प्रतीत गल्याथची उंची सहा हात एक वीत, म्हणजे साडेनऊ फूट आहे. पण मृत समुद्राजवळ कुमरानच्या गुहांत जी जुनी प्रत सापडली, तिच्यात ती चार हात एक वीत आहे, आणि बऱ्याच अभ्यासकांना तोच मूळचा आकडा वाटतो. म्हणजे गडी साडेसहा फुटांचा, धिप्पाड, एवढंच. नकला होता होता तीन फुटांनी वाढला. राक्षसांचं असंच असतं, सांगणाऱ्याच्या तोंडात ते वाढतात.

मी नाशिक जिल्ह्यातल्या पेठ तालुक्यातला, जमातीने कोकणा. सरकारी दवाखान्यांच्या प्रयोगशाळांत रक्त तपासता तपासता निवृत्त झालो. यहुद्यांच्या राक्षसांशी माझा काय संबंध, असं कुणी विचारेल. नोकरीची सुरुवात अलिबागकडे झाली आणि ज्यांच्या घरी भाड्याने राहिलो त्या मावशी बेने इस्राएल होत्या. म्हणजे मराठी बोलणाऱ्या यहुदी. नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटलं, सात जोडपी वाचली आणि त्यांचा वंश कोकणात वाढला, अशी त्यांची परंपरा सांगते. तेलाचे घाणे चालवायचे, शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणत. मावशींच्या घरी एलियाहू हन्नाबीच्या नावाने मलिदा व्हायचा. गोड पोहे, त्यात खोबरं, वर फळं, आणि आधी प्रार्थना. हा एलियाहू संदेष्टा मेलाच नाही, अग्निरथातून सदेह वर गेला, आणि जाताना अलिबागजवळच्या खंडाळ्याच्या खडकावर त्याच्या रथाच्या चाकाची खूण उमटली, असं ती मंडळी मानतात. मी मावशींना एकदा विचारलं, “तुमच्यात राक्षस नाहीत का हो?” त्या म्हणाल्या, “आहे की, ओग मेला! तारवाला लटकून वाचला.” तेव्हापासून हा विषय माझ्या मागे लागला आहे.

दोनशे देवदूतांची शपथ

‘उत्पत्ती’च्या सहाव्या अध्यायात गोष्ट चार ओळींत उरकते. देवपुत्रांना मानवकन्या आवडल्या, त्यांनी त्यांच्याशी लग्नं केली, त्या काळी पृथ्वीवर महाकाय होते. खरा मसाला आहे तो ‘हनोखाच्या पुस्तका’त. त्याचे सर्वांत जुने भाग येशूच्या दोन-तीनशे वर्षं आधीचे आहेत. पुढे यहुद्यांनी ते बाजूला ठेवलं, पण इथिओपियाच्या चर्चने जपलं. जेम्स ब्रूस नावाच्या स्कॉटिश प्रवाशाने त्याच्या प्रती १७७३मध्ये युरोपात नेल्या. नंतर कुमरानच्या चौथ्या गुहेत त्याचे अरामी तुकडेही मिळाले.

कथा अशी. शेमीहाजा या म्होरक्यासह दोनशे देवदूत हर्मोन पर्वतावर उतरतात. शेमीहाजाला धास्ती असते की आयत्या वेळी बाकीचे मागे हटतील आणि पाप एकट्याच्या माथी येईल, म्हणून सगळे शपथ घेतात. संसार थाटतात आणि माणसांना विद्या शिकवतात. अझाझेल तलवारी, ढाली, दागिने आणि डोळ्यांत घालायचा सुरमा शिकवतो. कुणी मुळ्या-पाल्याची औषधं आणि मंत्रतंत्र शिकवतो, कुणी ग्रहताऱ्यांची भाकितं. एकाने शाई आणि कागदावर लिहायला शिकवलं, तेही पापांच्या यादीत आहे. लेख लिहिणाऱ्याने जरा जपून असावं.

मग मुलं जन्मतात आणि वाढतच जातात. इथं कथाकार जो आरोप ठेवतो, तो मी पुन्हा पुन्हा वाचला आहे. पहिला गुन्हा उंचीचा नाही, उद्धटपणाचा नाही. या महाकायांनी माणसांच्या कष्टाचं सगळं खाऊन टाकलं. कोठारं संपली, माणसांना त्यांना पोसणं झेपेना, तेव्हा ते माणसांनाच खाऊ लागले. मग धरतीने तक्रार केली, आणि महापूर आला.

मावशींचा ओग त्या पुरातूनही वाचला. आठव्या-नवव्या शतकातल्या एका यहुदी कथासंग्रहात तो नोहाने पुरासाठी बांधलेल्या तारवाच्या शिडीच्या पायरीवर बसून राहतो. नोहा तारवाला भोक पाडतो आणि रोज त्यातून त्याला जेवण देतो. पण त्याआधी ओगने शपथ घेतलेली असते की मी जन्मभर तुझी आणि तुझ्या मुलाबाळांची चाकरी करीन. नोहा व्यवहारी माणूस. राक्षसाला पोसायचं तर आधी त्याच्याकडून चाकरी कबूल करून घ्यावी.

हे सगळं आपल्याला परकं नाही. एकचक्रा नगरीचा बकासुर रोज गाडाभर भात, दोन रेडे आणि गाडा हाकणारा माणूस मागतो. त्याला मारायला जाणारा भीम काही मिताहारी नव्हे. तोही अवाढव्य, आणि बकासुराच्या देखत त्याचा गाडा रिकामा करतो. दोघेही राक्षसी ताकदीचे, दोघेही खादाड. गाव एकाच्या नावाने रडतं आणि दुसऱ्याच्या जिवावर झोपतं, कारण भीम गावाच्या बाजूने उभा आहे.

आमच्याकडे होळीनंतर बोहाडा होतो, कुणी भवाडा म्हणतं. रात्रभर संबळ आणि पिपाणीवर देवांची आणि राक्षसांची सोंगं नाचतात. तरुणपणी मीही राक्षसाचा मुखवटा चढवला आहे. पाहणाऱ्याला तो मोठा भयंकर दिसतो. आतल्या माणसाला मात्र स्वतःचे पाय दिसत नाहीत. दोन बारीक भोकांतून टेंभ्याचा उजेड तेवढा येतो, मानेला ओझं होतं, आणि कंबरेला धरून चालणारा सोबती सांगेल तिकडे वळावं लागतं. राक्षसाला वळवणारा कुणीतरी लागतोच.

द्राक्षं आणि नाकतोडे

‘गणना’ या पुस्तकात आणखी एक प्रसंग आहे, तो पेठच्या माणसाला चटकन कळेल. मोशे बारा हेर कनान देशात पाठवतो. ते परत येतात तेव्हा द्राक्षांचा एक घड दोघांनी काठीवर पेललेला असतो. देश सुपीक आहे, पण तिथं अनाकाचे महाकाय वंशज राहतात, असं दहा हेर सांगतात. त्यांच्यापुढे आम्ही स्वतःला नाकतोड्यांएवढे वाटलो आणि त्यांनाही तसेच वाटलो असू, असं त्यांचं म्हणणं. यहोशवा आणि कालेब या दोघांना तसं वाटलं नाही.

आमच्या तालुक्यात पाऊस धो धो पडतो आणि मार्चनंतर विहिरी तळ गाठतात. नागली, वरई, भात घरात आला की दिवाळीनंतर घरंच्या घरं सावळघाट ओलांडून दिंडोरी-नाशिकच्या द्राक्षबागांत कामाला जातात. सकाळी पेठ फाट्यावर मजुरांची गर्दी असते. दुसऱ्याचे घड पेलणाऱ्या या माणसांना आपण नाकतोडे आहोत असं वाटू लागलं, तर त्यात त्यांच्या उंचीचा दोष नाही.

एकशेवीस वर्षं

या जुन्या कथा माणसाच्या महत्त्वाकांक्षेविरुद्ध आहेत, असं सहसा सांगितलं जातं. मला तसं वाटत नाही. ज्या हनोखाच्या नावावर हे पुस्तक आहे, तो स्वतः मेला नाही, देवाने त्याला उचलून नेलं. एलियाहूही तसाच. मर्यादा ओलांडणाऱ्यांना या परंपरेने मलिदा दिला आहे.

महाकायांच्याच त्या चार ओळींत देव माणसाच्या आयुष्याला मर्यादा घालतो, एकशेवीस वर्षांची. आजवर कागदोपत्री सिद्ध झालेलं सर्वांत मोठं आयुष्य फ्रान्सच्या जान काल्माँ बाईंचं. त्या १९९७मध्ये वारल्या तेव्हा त्यांना १२२ वर्षं पुरी झाली होती. अडीच हजार वर्षांपूर्वीचा अंदाज दोनच वर्षांनी चुकला.

ही हद्द पुसायचा धंदा आता जोरात आहे. माणसाने विज्ञानाच्या बळावर स्वतःपलीकडे जावं, या विचारासाठी ‘ट्रान्सह्युमॅनिझम’ हे नाव जीवशास्त्रज्ञ ज्युलियन हक्सली यांनी १९५७मध्ये रूढ केलं. १९६७मध्ये जेम्स बेडफर्ड नावाच्या प्राध्यापकाचं प्रेत, पुढेमागे जिवंत करता येईल या आशेने, गोठवून ठेवलं गेलं. ते अजून उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये वाट पाहतं आहे. म्हातारपण थोपवण्यासाठी गूगलने २०१३मध्ये कॅलिको कंपनी काढली, २०२२मध्ये ऑल्टोस लॅब्स ३०० कोटी डॉलर घेऊन उतरली. ब्रायन जॉन्सन नावाचे अमेरिकन उद्योजक तरुण राहण्यासाठी वर्षाला २० लाख डॉलर खर्च करत असल्याचं सांगत आले आहेत. २०२३मध्ये त्यांनी मुलाच्या रक्तातला प्लाझ्माही टोचून घेतला आणि फायदा दिसला नाही म्हणून थांबवलं. ययातीची आठवण व्हावी असा हा प्रकार. त्यालाही मुलानेच, पुरूने, आपलं तारुण्य दिलं होतं.

पण याच गर्दीत दुसरंही चाललं आहे. २०२४च्या जानेवारीत न्यूरालिंक कंपनीने आपली मेंदूतली चिप पहिल्यांदा माणसात बसवली, ती मानेखाली लुळ्या पडलेल्या तरुणात. तो आता मनात आणून संगणकाचा बाण हलवतो. याला राक्षसी कोण म्हणेल?

एकाच अवजाराने दोन्ही गोष्टी होतात, हे मी माझ्या धंद्यात जवळून पाहिलं. क्रिस्पर नावाची जनुकं कापायची कात्री २०१२मध्ये आली. तिच्यासाठी जेनिफर डाउडना आणि इमॅन्युएल शार्पांतिए यांना २०२०चं नोबेल मिळालं. याच कात्रीने चीनच्या हे जियानकुई यांनी गर्भांची जनुकं बदलली आणि २०१८च्या नोव्हेंबरमध्ये जुळ्या मुली जन्मल्याचं जाहीर केलं. एचआयव्ही होऊ नये म्हणून, असं कारण दिलं. न जन्मलेल्या पोरींवर, त्यांच्या पुढच्या पिढ्यांवर, गरज नसताना केलेला हा प्रयोग होता. त्यांना तीन वर्षांची कैद झाली.

आणि हीच कात्री सिकलसेल या रक्ताच्या आजारावर चालते. हिमोग्लोबिनच्या जनुकात एकच अक्षर बदललेलं असतं, पण त्याने तांबडी पेशी कोयत्यासारखी वाकते, बारीक वाहिन्यांत अडकते आणि हाडं ठणकतात. आई आणि बाप दोघेही वाहक असले तर प्रत्येक बाळंतपणात आजारी मूल होण्याची शक्यता चारात एक. पूर्वी जिथं मलेरिया होता तिथं हे वाहक टिकून राहिले, म्हणून आम्हा आदिवासींत हा आजार जास्त. आश्रमशाळेत पोरांची रांग लागायची. बोटाला टोचून थेंब घ्यायचा, नळीतल्या द्रावणात सोडायचा, काही मिनिटं थांबायचं आणि नळीमागे काळ्या रेषांचा कागद धरायचा. रेषा स्वच्छ दिसल्या की पोर सुटलं. द्रावण गढूळ होऊन रेषा पुसल्या गेल्या की नाव पुढच्या तपासणीच्या वहीत. वाहक की रुग्ण, ते इलेक्ट्रोफोरेसिसवर ठरायचं. रुग्ण निघालेल्या पोराला श्रावणातल्या गारठ्यात कळा सुरू झाल्या की ते आईलाही हात लावू देत नसे.

या आजारावर क्रिस्परने केलेल्या कॅस्जेवी या पहिल्या उपचाराला ब्रिटनने १६ नोव्हेंबर २०२३ रोजी आणि अमेरिकेने ८ डिसेंबरला मान्यता दिली. रुग्णाच्याच मूळ पेशी काढतात, कात्री चालवून त्यांना बाळपणातलं हिमोग्लोबिन पुन्हा तयार करायला लावतात, औषधाने जुनी अस्थिमज्जा रिकामी करतात आणि पेशी परत सोडतात. बहुतेकांच्या कळा थांबल्या. जन्माने घातलेली मर्यादा माणसाने ओलांडली, यात वाद नाही. किंमत मात्र अमेरिकेत २२ लाख डॉलर, म्हणजे रुपयांत १८ कोटींच्या पुढे. तालुक्यातल्या मुलाला सध्या मिळते ती हायड्रॉक्सीयुरियाची गोळी. तिने कळा कमी होतात, पण ती रोज लागते, आणि ती संपली म्हणून पंधरा दिवसांनी या, असं सांगायची पाळी माझ्यादेखत आली आहे.

म्हणून ‘माणसाने देव व्हावं का’ या प्रश्नात मला फारसा रस नाही. हनोखाच्या पुस्तकाने आणि ओगच्या गोष्टीने प्रश्न नीट मांडला आहे: राक्षसाला पोसतं कोण, आणि बदल्यात तो कुणाची चाकरी करतो? श्रीमंताच्या शंभराव्या वाढदिवसासाठी लागणारा पैसा, वीज, डॉक्टर, संशोधकांची उमेद एकाच कोठारातून येते. लुळ्या तरुणाची चिप आणि पेठच्या पोराची पेशीही त्याच कोठारातून वाटा मागतात.

आमच्याकडची तरुण पोरं म्हणतात, हे अमेरिकेचं, आपल्याला काय त्याचं? आपल्याला बरंच आहे. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशात शहडोलला केंद्राची सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. चाळिशीच्या आतल्या सात कोटी लोकांची तपासणी करायची आणि २०४७पर्यंत आजार संपवायचा, असं तिचं उद्दिष्ट. दिल्लीच्या आयजीआयबी या सरकारी संस्थेत स्वस्त, देशी जनुकउपचाराचं काम चालू आहे. त्या कामाला रक्त आमच्यासारख्या तालुक्यांतलंच लागणार. तपासणी करून घ्या, लग्न ठरवताना दोन्हीकडचे अहवाल बघा, आणि संशोधनासाठी रक्त मागायला कुणी आलं तर खुशाल द्या. पण उपचार तयार झाला की तो पहिल्यांदा कुठल्या दवाखान्यात मिळेल आणि किती रुपयांत, हे त्याच वेळी लिहून मागा.