फिर्याद दिली, पण वाचली का?

रात्री गोठ्यातून तीन शेळ्या चोरीला गेल्या. सकाळी धनी पोलीस ठाण्यात गेला. त्यानं सगळी हकीकत सांगितली. हवालदारानं ती लिहून घेतली. "करा सही," म्हणाला. धन्यानं सही केली आणि घरी आला.

कारभारणीनं विचारलं, "आवं, कागदात काय लिवलंय?"

धनी गप्प. वाचता येत असून त्यानं वाचलं नव्हतं. ठाण्याची पायरी चढली की भल्याभल्यांचं असंच होतं.

फिर्याद तोंडी सांगितली तरी चालते. पोलिसांनी ती लिहायची, वाचून दाखवायची, मग आपण सही करायची. तिची नक्कल फुकट मिळते. हद्द दुसऱ्या ठाण्याची असली तरी फिर्याद घ्यावी लागते. १ जुलै २०२४ पासून नवा कायदा लागू झाला आहे, त्यात हे स्पष्ट लिहिलं आहे. आणखी एक ध्यानात ठेवा. ५,००० रुपयांच्या आतली चोरी आता अदखलपात्र धरतात. म्हणजे कोर्टाच्या हुकुमाशिवाय पोलीस तपास करत नाहीत. म्हणून मालाची खरी किंमत सांगावी.

ठाण्यात फिर्याद घेतलीच नाही, तर? सगळी हकीकत लिहून पोलीस अधीक्षकांना टपालानं पाठवावी. तिथंही दाद लागली नाही, तर कोर्टात अर्ज करता येतो.

पुढं तपासात पोलीस जबाब घेतात. त्यावर मात्र सही करायची नसते. पुष्कळांना हे ठाऊक नसतं.

आता उलट बाजू पाहू. पोलिसांनी आपल्यालाच धरलं तर कारण सांगावं लागतं. प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत कोर्टापुढं उभं करावं लागतं. पूर्वी सगळ्यांच्या वाट्याला असा न्याय येत नव्हता. इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून कित्येक जमातींना जन्मापासून गुन्हेगार ठरवलं. सोलापुरात त्यांच्यासाठी कुंपणाची सेटलमेंट होती. रोज हजेरी द्यावी लागे. तो कायदा १९५२ साली रद्द झाला.

वकिलाला पैसा नसेल तर सोलापूरच्या जिल्हा कोर्टात विधी सेवा प्राधिकरण आहे. बाया, मुलं, अनुसूचित जातीजमातीचे लोक आणि कोठडीतली माणसं यांना तिथं फुकट वकील मिळतो. त्यांची मिळकत विचारत नाहीत. १५१०० या नंबरावर फोनही करता येतो.

कारभारणीनं धन्याला परत ठाण्यात धाडलं. त्यानं नक्कल आणली, दोघांनी बोट ठेवून वाचली. कागदावर शेळ्या दोनच होत्या! दुसऱ्या दिवशी त्यानं जाऊन पुरवणी जबाब दिला.