कालव्याकाठची सायकलवाट

मंडळी, सायकल म्हटली की आपल्याला आधी चढ आठवतो! पण दक्षिण फ्रान्समध्ये एक वाट अशी आहे, की मैलन् मैल चढ म्हणून लागत नाही. तूलूझ शहरापासून समुद्रालगतच्या खाऱ्या सरोवरापर्यंत गेलेल्या ‘कनाल द्यू मिदी’ या २४० किलोमीटर लांबीच्या कालव्याचा तो काठ. पूर्वी या काठाने घोडे चालत आणि दोराने नावा ओढीत. पाणी सपाट, म्हणून काठही सपाट. चढउतार काय तो नावा वरखाली करणाऱ्या दरवाजांपाशी.

१६६६ साली पिएर-पॉल रिके याने हे काम हाती घेतले. गृहस्थ इंजिनिअर नव्हे, मिठावरचा कर वसूल करणारा! मधल्या उंचवट्यावर पाणी आणायचे कोठून, हीच खरी अडचण. त्याने ‘काळ्या डोंगरा’तले ओढे पाटांनी वळवून नोरूझच्या खिंडीत आणले. त्या पाटांच्या कडेनेही आज सायकलवाले जातात, थेट रानातून. १६८१ मध्ये कालवा पुरा झाला. रिके मात्र काही महिने आधीच वारला.

काठावर काश्मिरी चिनाराची भावंडे शोभतील अशी सुमारे ४२ हजार झाडे होती. सावली तर त्यांची, शिवाय मुळांनी काठ धरून ठेवलेला. २००६ मध्ये त्यांवर बुरशीचा रोग आढळला. पाण्यातून, अवजारांतून तो पसरतो, औषध नाही. रोगट झाड तोडायचे आणि जाळायचे, एवढेच हाती. हजारो झाडे अशी गेली. आता निरनिराळ्या जातींची रोपे लावतात, म्हणजे एकाच रोगाने सगळी जाऊ नयेत. तोवर तिकडे जाणाऱ्याने टोपी बरोबर घ्यावी हे बरे.