प्रदर्शन दसऱ्याआधी शाळेत यावे

दहा लिटरची घागर म्हणजे डोक्यावर दहा किलोचा भार. तो उतरविण्यासाठी दक्षिण आफ्रिकेत क्यू ड्रम तयार झाला. मधल्या भोकातून दोर ओवायचा आणि भरलेला पिंप जमिनीवरून गडगडत ओढायचा. २००७ साली न्यूयॉर्कच्या कूपर-हेविट संग्रहालयाने गरिबांच्या गरजेच्या अशा वस्तूंचे प्रदर्शन भरविले.

मुंबईच्या नेहरू विज्ञान केंद्राची फिरती प्रदर्शने बसने खेड्यांतील शाळांत जातात. त्याच धर्तीवर अशा वस्तू बीड जिल्ह्यातील शाळांतून फिरविता येतील, मात्र दसऱ्याआधी. दिवाळीच्या सुमारास ऊसतोड कुटुंबे कारखान्यांची वाट धरतात. मग घागरीचा भार जाणणारी मुलेच वर्गात नसतील.

शिक्षक बंधू-भगिनींनो, मुलांना नुसते रांगेने फिरवू नका. मुलींना पिंप ओढून पाहू द्या. आईचे कोणते काम हलके व्हावे, त्याचे चित्र वहीत काढायला सांगा.