तळ्याची नाइटलाइफ आणि माझ्या डेटातलं भोक

एमएस्सीची माझी एक मैत्रीण सध्या स्वित्झर्लंडमध्ये लोझानला पीएचडी करते. लोझान लेमान सरोवराच्या काठावर आहे. आपण त्याला जिनिव्हाचं सरोवर म्हणून ओळखतो. डिसेंबरात ती चार दिवस आमच्याकडे खोपटला राहायला आली. आल्या संध्याकाळीच म्हणाली, "चल, तुमच्या ठाण्याची नाइटलाइफ दाखव. तलावांचं शहर ना तुमचं?"

आईने आतूनच आवाज दिला, "दहाच्या आत या गं."

तर आमची नाइटलाइफ अशी सुरू झाली. आजची पोस्ट ठाण्यावर कमी आणि सॅम्पलिंगवर जास्त आहे. पेट देऊन नुकतं रजिस्ट्रेशन झालेले किंवा नेट-सेटचा अभ्यास करणारे जे वाचक आहेत, त्यांनी शेवटपर्यंत वाचा. त्या रात्री तलावपाळीच्या कठड्यावर बसून मला माझ्या थिसिसच्या एका अख्ख्या चॅप्टरमधलं भोक दिसलं.

खोपट ते तलावपाळी

आधी तिला आमच्या घराजवळचा सिद्धेश्वर तलाव दाखवला. मग टेंभी नाक्यावरून चालत तलावपाळीला गेलो. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते, तलावपाळी म्हणजे मासुंदा तलावाचा काठ. एका बाजूला गडकरी रंगायतन, जवळच कोपिनेश्वराचं देऊळ आणि जांभळी नाक्याचा बाजार. रात्री नऊ वाजता तिथे आजोबांचे ग्रुप असतात, कॉलेजची पोरं असतात, लहान मुलांना घेऊन आलेली जोडपी असतात. भेळ, कणीस, आइस्क्रीम, आणि पाण्यावर सगळीकडे दिव्यांचे लांबलचक पट्टे. दिवाळीच्या पहाटे इथे पाय ठेवायला जागा नसते.

तिला गंमत वाटली. म्हणाली, तिकडे संध्याकाळी दुकानं लवकर बंद होतात, हिवाळ्यात तर सरोवराचा काठ अगदी शांत असतो. मग पाण्याकडे बघत तिने विचारलं, "हे झालं माणसांचं. रात्री तळ्यात काय चालतं?"

तिचा विषय मटेरियल्सचा आहे, तळ्यांशी तिचा संबंध नाही. मी तळ्यांवरच पीएचडी करते, त्यामुळे मला चेव आला आणि मी शिकवायला सुरुवात केली.

अंधारात ऑक्सिजनचं काय होतं?

दिवसा पाण्यातलं शेवाळ आणि सूक्ष्म वनस्पती प्रकाशसंश्लेषण करतात आणि पाण्यात ऑक्सिजन सोडतात. याला विरघळलेला ऑक्सिजन म्हणतात, इंग्रजी आद्याक्षरांनी डीओ. सूर्य मावळला की हा कारखाना बंद होतो. पण श्वसन बंद होत नाही. मासे, जिवाणू, तळाचा गाळ, आणि दिवसभर ऑक्सिजन देणारं शेवाळसुद्धा रात्रभर ऑक्सिजन वापरत राहतं. म्हणजे रात्री जमा जवळपास नाही, खर्च चालूच. म्हणून पाण्यातला ऑक्सिजन सगळ्यात कमी असतो तो पहाटे, सूर्य उगवण्याच्या जरा आधी. शेवाळाने हिरव्यागार झालेल्या तळ्यात मासे पहाटे वर येऊन तोंड उघडताना दिसतात, मेलेले मासे सकाळी सापडतात, त्याचं एक नेहमीचं कारण हेच.

एक साधं गणित करू. आकडे मी उदाहरणासाठी घेतलेत, कुठल्याही खऱ्या तळ्याचे नाहीत. समजा डिसेंबरात संध्याकाळी 6 वाजता डीओ लिटरला 9 मिलिग्रॅम आहे. 25 अंश सेल्सियसला गोड्या पाण्यात हवेतून साधारण 8.3 मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, म्हणजे हे पाणी त्याहूनही भरलेलं आहे. हिरव्या तळ्यात दुपारनंतर असं होतं. आता दर तासाला 0.45 मिलिग्रॅम खर्च होतोय असं धरा. डिसेंबरातली आपली रात्र जवळपास 13 तासांची. 13 गुणिले 0.45 म्हणजे 5.85. सकाळी 7 ला उरले 3.15.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या निकषांत मासे आणि वन्यजीवांसाठीच्या पाण्यात डीओ किमान 4 हवा, आणि उघड्यावर आंघोळीच्या पाण्यात किमान 5. सकाळी 11 पर्यंत ऊन चांगलं पडलेलं असतं. समजा तोवर डीओ पुन्हा 6 च्या वर गेला. आता हे तळं अकरा वाजता दोन्ही निकषांत पास आणि पहाटे दोन्हीत नापास.

आणखी एक गोष्ट रात्री होते. वरचं पाणी थंड होतं, जड होतं आणि खाली बसतं. खालचं पाणी वर येतं. लेमान सरोवर 300 मीटरपेक्षा खोल आहे. ते वरपासून तळापर्यंत पूर्ण घुसळलं जायला कडक हिवाळा लागतो, आणि तसं दर वर्षी होत नाही. आपली शहरी तळी उथळ असतात, त्यामुळे ती कित्येकदा एका रात्रीत घुसळली जातात. तळाशी गाळाजवळ ऑक्सिजन संपलेला असेल, तर तेच पाणी वरच्यात मिसळतं आणि पहाटेचा आकडा अजून खाली जातो.

आणि खरी नाइटलाइफ तर पुढेच आहे. डॅफ्निया नावाचा पिसवेसारखा दिसणारा बारीक प्राणी दिवसा माशांच्या नजरेपासून वाचायला खोल अंधारात राहतो आणि रात्री वर येऊन शेवाळ खातो. जॉर्ज क्युव्हिए याने 1817 मध्ये डॅफ्नियाची ही ये-जा नोंदवली होती. 2000 साली अमेरिकेत बोस्टनजवळच्या एका तळ्यावरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात संशोधकांनी शहराचा रात्रीचा उजेड अडवून पाहिला आणि उजेडामुळे डॅफ्निया कमी वर येतात असं दाखवलं. म्हणजे ज्या दिव्यांच्या पट्ट्यांचे आपण फोटो काढतो, ते खालच्या मंडळींचं जेवण बिघडवू शकतात.

मग तिने विचारलं, "तू कधी मोजतेस?"

एवढं सगळं ऐकून झाल्यावर मैत्रीण म्हणाली, "भारीये. मग तू डीओ किती वाजता मोजतेस?"

"सकाळी अकराला."

"का?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि गप्प बसले. कारण खरं उत्तर असं होतं की लॅब दहाला उघडते. किट घ्यायचं, रिक्षा पकडायची, तळ्यावर पोचेपर्यंत अकरा होतात. दोनच्या आत परत येऊन टायट्रेशन करायचं, कारण पाचला लॅब बंद. यात विज्ञान काहीच नव्हतं, फक्त टाइमटेबल होतं. आणि त्या वर्षभराच्या डेटावर मी चॅप्टरचं शेवटचं वाक्य लिहून ठेवलं होतं: तळ्यातली ऑक्सिजनची स्थिती वर्षभर समाधानकारक आहे.

(माझ्या तळ्याचं नाव मुद्दाम देत नाही, पेपर अजून यायचाय. मासुंदा नव्हे, एवढंच.)

मला थिअरी येत होती. पाच मिनिटांपूर्वी मीच ती भेळ खात तिला समजावली होती. आणि तरी वर्षभर मी स्वतःच्या डेटाला ती लावली नव्हती. ही गोष्ट मला चुकीपेक्षा जास्त लागली.

घड्याळात साडेनऊ झाले होते. आईचा फोन आला. परत चालताना मैत्रीण सहज बोलून गेली, "पण तू रात्री जाऊ शकली असतीस का तिथे?" तेव्हा मला कळलं की भोक लॅबच्या वेळेपेक्षा मोठं आहे. तलावपाळी रात्री गजबजलेली असते, तिथे आम्ही दोघी निवांत बसू शकतो. माझं तळं तसं नाही. पहिल्या वर्षी सॅम्पलिंग प्लॅन करताना रात्रीचा विचार माझ्या मनात आलाच नाही. कोणी मला अडवलं असतं असं नाही. मी विचारलंच नव्हतं, कारण दहाच्या आत घरी हे माझ्या डोक्यात आधीच फिट होतं. माझ्या घरचा नियम माझ्या आलेखात उतरला होता आणि आलेख बघून तो कुणालाच दिसला नसता.

हे एकटीचं दुखणं नाही

मुल्ला नसरुद्दीनची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. किल्ली हरवली घरात, पण तो शोधतो अंगणात, कारण अंगणात उजेड आहे. संशोधनात हे सतत होतं. तळ्यांच्या अभ्यासात आपण उपग्रहाची चित्रं वापरतो. लँडसॅट आणि सेंटिनल-2 हे उपग्रह आपल्या डोक्यावरून स्थानिक वेळेनुसार सकाळी दहा-साडेदहाच्या सुमारास जातात. म्हणजे त्यातून दिसणारं तळं हे नेहमी सकाळचंच तळं. पक्ष्यांची गणना रविवारी होते, घरोघरचा सर्व्हे दुपारी होतो आणि जो घरी असतो त्याचंच उत्तर मिळतं.

दिवसाचा डेटा वाईट असतो असं मी म्हणत नाही. रोज अकरालाच मोजलंत तर महिन्या-महिन्यातला फरक नीट कळतो, कारण वेळ स्थिर आहे. फक्त त्यावरून "तळं कसं आहे" हे सांगता येत नाही, "सकाळी अकराला तळं कसं असतं" एवढंच सांगता येतं. दोन वाक्यांत फरक दिसायला छोटा आहे, पण व्हायवाला बाहेरचे परीक्षक नेमके तिथेच बोट ठेवतात.

पुढे काय केलं

दोन दिवसांनी गाईड मॅडमना सगळं सांगितलं. खरं सांगते, आदल्या रात्री एकदा वाटलं होतं की गप्प बसावं, कोणाच्या लक्षात येणार आहे? मॅडमनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "डेटा चुकलाय की वाक्य चुकलंय?" मी म्हटलं, वाक्य. त्या म्हणाल्या, "मग वाक्य बदल, आणि रात्रीचा डेटा आण."

चोवीस तासांचं सॅम्पलिंग जुनंच आहे. हॉवर्ड ओडम यांनी 1956 मध्ये वाहत्या पाण्यातल्या ऑक्सिजनच्या दिवसरात्रीच्या चढउतारावरून तिथलं उत्पादन आणि श्वसन काढायची रीत मांडली. रात्रीच्या उतारावरून श्वसनाचा वेग कळतो. त्यात हवेतून येणाऱ्या ऑक्सिजनची दुरुस्ती करावी लागते, कारण पाण्यात ऑक्सिजन कमी झाला की हवेतून थोडा आत शिरतो आणि उतार खरा आहे त्याहून सौम्य दिसतो.

महागडा लॉगर नव्हता म्हणून मी विंकलर पद्धतच वापरली. ती 1888 ची आहे आणि रात्रीच्या कामाला मस्त चालते, कारण ऑक्सिजन काठावरच बांधून ठेवता येतो. बाटली बुडबुडा न येऊ देता भरायची, त्यात मँगनीज सल्फेट आणि अल्कधर्मी आयोडाइड घालायचं, बूच लावून हलवायचं. ऑक्सिजन असेल तर तपकिरी साका येतो. जितका जास्त, तितका गडद. अजिबात नसेल तर पांढराच राहतो. ॲसिड घालून थायोसल्फेटचं टायट्रेशन नंतर लॅबमध्ये.

लेखी परवानगी घेतली, जवळच्या पोलीस चौकीत कळवलं, दोन ज्युनिअर आणि माझा भाऊ सोबत आले. दर तीन तासांनी बाटल्या. पहाटे पाचच्या बाटल्या टॉर्चखाली धरल्या तेव्हा टायट्रेशनची गरजच नव्हती. संध्याकाळचा साका चहाच्या चोथ्यासारखा होता, हा फिकट, जवळपास पांढरा. समाधानकारक हा शब्द मी तिथेच मनातल्या मनात खोडला.

एका रात्रीच्या डेटावर मी वर्षाचा निष्कर्ष काढणार नाही, नाहीतर तीच चूक उलट्या बाजूने होईल. हिवाळा, उन्हाळा आणि पावसाळ्यानंतर, प्रत्येकी किमान दोन फेऱ्या ठरल्या आहेत. चॅप्टर लांबला. सिनॉप्सिस एक सेमिस्टर पुढे गेला आणि फेलोशिपची मुदत तेवढ्याने वाढणार नाही. हे सोपं नाहीये.

तुमच्यासाठी गृहपाठ

तुमची फील्डबुक किंवा एक्सेल शीट उघडा. मोजमापाच्या वेळेचा कॉलम आहे का बघा. नसेल तर आजपासून सुरू करा. असेल तर त्याच्या शेजारी एक नवा कॉलम करा: "हीच वेळ का?" तिथे "लॅबची वेळ", "बसची वेळ", "घरचे सोडत नाहीत" असं जे खरं असेल ते लिहा. हा कॉलम पेपरमध्ये जाणार नाही. पण तुमचा निष्कर्ष त्या वेळेपुरता आहे की त्याच्या पलीकडचा, हे तुम्हाला त्यातून कळेल. आणि तुमचा विषय न शिकलेल्या एखाद्या मित्राला एकदा सगळं समजावून सांगा. तज्ज्ञ माणसं बरेचदा "कसं मोजलंस" विचारतात. "कधी" आणि "का तेव्हाच" हे बाहेरचा माणूस विचारतो.

मैत्रीण लोझानला परत गेली. पुढची फेरी मार्चमध्ये आहे. आईने परवा विचारलं, "पहाटेची बाटली किती वाजता भरतेस?" म्हटलं, पाच. ती म्हणाली, "मग थर्मास मोठा घेऊन जा."